वाटणीचा बंक

नौकेवरची कामाची पाळी बदलली तेव्हा सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हातातलं सुकाणू घेतलं आणि शिडाकडे बघत म्हणाले, "दोर ढिला राहिलाय."

"हो, बाबा," म्हणून ती खाली उतरली.

नऊ वर्षं हेच चाललं होतं. शर्यतीच्या नौका बांधणारं घर. खाली कारखाना, वर संसार. सासरे तिथेही कप्तान आणि इथेही. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला तर समुद्र आटेल, असं ती नवऱ्याला म्हणायची. नवरा नुसता हसायचा आणि तिचं डोकं आणखी फिरायचं. या शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याला बजावलं होतं, "परत किनाऱ्याला लागलो की मी वेगळी राहणार. तू आलास तर दोघं, नाहीतर मी एकटी." तेव्हापासून दोघांचा अबोला होता.

तसंही, बोलायला सवड कुठे होती? माणसं आठ, तुकड्या दोन. चार तास एक तुकडी डेकवर, चार तास दुसरी. ती एका तुकडीत, बापलेक दुसऱ्या. वजन वाढू नये म्हणून झोपायच्या फळ्या, म्हणजे बंकही चारच. एक उठून कामावर गेला की दुसऱ्याने त्याच फळीवर, त्याच झोपायच्या पिशवीत शिरायचं. तिचा बंक नवऱ्याबरोबर वाटणीचा होता. एकच अंथरूण आणि नवराबायकोची गाठ नाही! तिला सुरुवातीला हसूच आलं होतं.

नौका दक्षिणेला सरकत गेली तशी रात्र अशी होईना. चोवीस तास दुधाळ उजेड. धुक्यातून एखादा मोठा पांढरा पक्षी पंख न हलवता सोबत यायचा आणि कधी नाहीसा झाला ते कळायचं नाही. बोटं बधिर, पापण्यांवर मीठ. अशी ती खाली यायची आणि पिशवीत शिरायची.

पिशवी उबदार असायची. कोरडी बाजू नेमकी वर केलेली. आत पायाशी मोज्यांची जोडी, अंगाच्या उबेनेच वाळवलेली. निघताना सासऱ्यांनी सगळ्यांचं सामान तराजूवर तोलून माणशी दोनच जोड्या ठेवल्या होत्या. म्हणजे हे मोजे त्याचेच. तिच्या पायांना ते ढगळ व्हायचे. पिशवीला बामचा वास यायचा. खांदा दुखत असेल बिचाऱ्याचा, असं मनात येऊन ती तोंडावर पिशवी ओढून घ्यायची.

कानाशी, बोटभर भिंतीपलीकडे, पाणी कुजबुजत राहायचं. डोळा लागता लागता आपण नौकेत नाही, कुणाच्या तरी ओंजळीत आहोत असं वाटायचं. हळूहळू तिच्या मनातली अढी सुटत गेली. रोज अंथरूण उबदार करून ठेवणारा माणूस सोडून ती जाणार तरी कुठे होती?

तेविसाव्या दिवशी वारा पडला. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं. फाटलेलं शीड शिवायला सगळे वर आले आणि किती दिवसांनी ती नवऱ्याशेजारी बसली.

"मी वेगळी राहणार नाही," ती सुईकडे बघत म्हणाली. "बाबांचं बोलणंही घेईन ऐकून. तुझ्यासाठी."

"एकदम काय झालं?"

"तोंडाने बोलत नाहीस, पण किती करतोस माझं. तो बंक, ते मोजे... मला काय कळत नाही?"

नवऱ्याने टाका अर्धवट सोडून तिच्याकडे पाहिलं.

"अगं, मी तिथे एकदाही झोपलो नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बाबांनी मला त्यांच्या बंकवर हाकललं. म्हणाले, तू ओल्या कपड्यांनिशी लोळतोस, पोरीची जागा भिजवशील. तुझ्या बंकवर तेच झोपतात."