पत्ता कुणी फोडला?

छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांचा निवारा ताई चालवायच्या. वेबसाइट तपासायला आलेली मुलगी त्यांना स्क्रीन दाखवत होती. "मी खोट्या नावाने साइटवर खातं उघडून आत शिरले. लिंकमधला हा आकडा बदलला, की दुसऱ्याच बाईची माहिती उघडते. निवाऱ्याच्या पत्त्यासकट." ताईंनी विचारलं, "मग उपाय?" "माहिती मागणाऱ्याचीच आहे का, कोडनं आधी तपासायचं. तासाभरात करते." "हे भगदाड कधीपासून?" "पहिल्यापासून." गेल्या महिन्यात निवाऱ्यातल्या एकीचा नवरा थेट दारात उभा ठाकला होता. "पत्ता तूच फोडलास," म्हणत ताईंनी तिला बाहेर काढलं होतं. ती गयावया करत राहिली, "देवाशप्पथ, मी नाही सांगितला." आता ताईंनी तिला फोन लावला. उचलल्याबरोबर रडतच म्हणाल्या, "चुकलं गं माझं. परत ये." पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "माझ्या बायकोला कुठे बोलावताय?"