चूळ भरेपर्यंत

"आ कर. अजून मोठा."

मिरजेहून शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वप्नालीच्या तोंडात बॅटरी मारली. मागं आठवीच्या पोरींची रांग खिदळत उभी होती. बाईंनी तिचा खालचा ओठ बोटानं ओढून आतून नीट पाहिला आणि टेबलावरचा तिचा कागद उचलला. तंबाखू? नाही. गुटखा? नाही. मावा? नाही. सगळं स्वप्नालीनंच वळणदार अक्षरात लिहिलेलं.

"खरं लिहिलंयस ना?"

"आईची शपथ."

पोरगी खोटं बोलत नव्हती हो. तंबाखू गडी माणसं खातात, तळहातावर चुना घेऊन, मळून. तिनं कधी चिमूटसुद्धा तोंडात टाकली नव्हती.

"मग दात कशानं घासतेस?"

"मिसरीनं."

"आणि मिसरी कशाची करतात?"

स्वप्नालीला हसूच आलं. एवढी शिकलेली बाई, आणि हे ठावं न्हाई? "तव्यावर तंबाखू काळी हुस्तोवर भाजायची, मग बारीक वाटायची. मला येती की करायला," ती म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली.

आता तिला तरी काय बोल लावायचा? घरोघरच्या बाया सकाळी दारात बसून मिसरी लावतात आणि पोरीची दाढ ठणकली की तिच्या हिरडीलाही बोट फिरवतात. आपल्याकडं ते दात घासणं झालं. व्यसनाच्या पंगतीत मिसरीला आजवर कुणी बसवलेलंच नाही.

बाईंनी तिला रांगेपासून लांब, खिडकीपाशी नेलं.

"ओठाच्या आत पांढरा चट्टा आलाय, बाळा. आत्ता सोडलीस तर बहुतेक जाईल. लावत राहिलीस तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. दिवसातून किती वेळा लावतेस?"

"एकदाच. सकाळी. आईसंगं."

"मग आईला बोलावून आण. मी आहे दुपारपर्यंत."

"आई घरी न्हाई. आई-बाप मेंढरं घिऊन कुंडलच्या अंगाला गेल्यात. मिरगाला, पाऊस लागला की येत्यात माघारी."

"अगं, मग आईसंगं कशी लावतेस?"

"फोनवर."

बाईंनी तिच्या कागदावरचं तंबाखूपुढचं 'नाही' खोडलं.

स्वप्नाली पुढचं सांगणार तरी काय? उजाडता उजाडता आईचा फोन येतो. तिकडं आई पालाबाहेर टेकते, इकडं स्वप्नाली दारात. दोघी मिसरी लावतात आणि बोलत बसतात. कुठली मेंढी व्याली, कोकरू पितंय का, काल कालवण काय केलं होतंस. मिसरी तोंडात आहे तोवरच आई रिकामी. एकदा चूळ भरली की तिला कोकरं सोडायची, मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळायची, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं. "भरते गं चूळ," असं ती म्हणाली की फोन बंद. मग घरात आजा हरिबा आणि ही. हरिबाच्या कानाशी ढोल बडवला तरी त्याला पत्ता नाही. शाळेतून आली की पोरगी चुलीशी बोलते, शेळीशी बोलते आणि कधी कधी नुसतीच बसते. फार एकटं वाटतं तिला.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं मिसरीची डबी उकिरड्यावर उपडी केली आणि वर माती सारली. चट्ट्याची भीती होतीच. पण खरी धास्ती वेगळीच होती. मिसरी सुटली, आता आईशी बोलायचं कधी?

दुसऱ्या दिवशी उठली तेव्हा हिरड्या शिवशिवत होत्या आणि डोकं भणभणत होतं. फोन वाजला.

"लावलीस का गं?" आईनं विचारलं. तोंड भरल्यामुळं तिचा आवाज जाडसर येत होता.

खरं ते स्वप्नालीच्या अगदी ओठावर आलं. पण आईनंच तर पहिलं बोट फिरवलं होतं. तिकडं रानात रडत बसली म्हणजे? मिरगाला आली की समोर बसवून सांगू, तिलाही मिरजेला नेऊन दाखवू, असं तिनं मनाशी ठरवलं. मग जीभ खालच्या ओठात दाबून धरली आणि बोबडं बोबडं बोलली, "लावली की."

आई खुशीत होती. कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. ज्याच्या रानात मेंढरं बसवली होती त्या मळेकऱ्यानं जाताना गुळाची ढेप दिली होती. बापाच्या पायातला काटा निघाला होता. स्वप्नाली हुं हुं करत होती आणि मधूनच उगाच पिचकन थुंकत होती.

"चल, भरते गं चूळ. तू बी भर. साळंला उशीर हुईल."

"माझी हाय अजून."

"अजून?" आई हसली. "माझी कवाच सरली की. आज एवढी कशी गं टिकली तुझी?"

"काय म्हाईत. पर लय हाय अजून," स्वप्नाली कोरड्या तोंडानं म्हणाली. "तू बोल."