गाळलेलं नाव

वाफ्यात खड्डा दिसला आणि मी अनवाणीच खिचडीघराकडे पळाले. आमच्या शाळेत सुमतीमावशी खिचडी शिजवतात.

"मावशी, त्या अग्निशिखेचा कंद कुठंय?"

"उकडला की! वाफा साफ करताना निघाला, रताळ्यासारखा. एक फोड खाऊन बघितली, कडू निघाला मेला."

तो कंद विषारी होता. बागेतल्या पाट्या मीच रंगवल्या होत्या. संस्कृतात अग्निशिखा, तमिळमध्ये सेंगांदळ, खाली ऐटीत ग्लोरिओसा सुपर्बा! शाळाभर मिरवले होते. मराठी नाव तेवढं गाळलं, कारण ते पाटीवर शोभत नव्हतं.

रिक्षात मी मावशींचा हात सोडलाच नाही. डॉक्टरांना शास्त्रीय नाव सांगताना माझी बोबडी वळली.

"लगेच आणलंत ते बरं. पण विष आहे, तीन दिवस काही सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"एवढं काय होतं गं ते?" खाटेवरून मावशींनी विचारलं.

"कळलावी."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. "अगं पोरी," त्या पुटपुटल्या, "एवढंच लिहायचं होतंस. हातसुद्धा लावला नसता."