नेसायचं कापड

हंबीररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चेहरा दुखवट्याचाच ठेवून विचारलं, "आण्णा, विम्याचं आलं म्हणं?"

"आलं की. आमच्या पोरीच्या, निशिगंधाच्या खात्यावर."

"ब्येस झालं. मग आमची पेंडीची उधारी त्यातनं भागवून टाका. वैनी असत्या तर त्यांनीच भागवली असती."

पेंड आण्णांच्या बायकोनेच, चिमणाबाईनेच उचलली होती, स्वतःच्या म्हशीसाठी. त्यात खोटं काही नव्हतं. पण विमाही तिनेच उतरवला होता, पोरीच्या नर्सिंगसाठी. दोन्हीकडे तिचाच शब्द. आता कुठला पाळायचा, हे विचारायला ती नव्हती. म्हणून त्यांनी गल्लीतल्या स्नेहल वकिलांना बोलावून घेतलं होतं.

"हंबीरकाका," स्नेहल म्हणाली, "त्या पैशाला तुम्हाला हात लावता येत न्हाई. नॉमिनी पोरगी हाय. पॉलिसी तारण लिहून घेतली असती तर गोष्ट वेगळी. घेतलीसा?"

"पेंड देताना कोण पॉलिसी मागतंय?"

"मग झालं."

"म्हंजे माणूस गेलं की उधारी बी गेली? लई भारी हाय की कायदा!"

"उधारी हाय की. काकूंच्या मागं त्यांचं जे राहिलंय त्यातनं वसूल करा. कोर्टात जावा. नेसायचं कापड आणि सैपाकाची भांडी तेवढी सोडून."

"कोर्ट कशाला?" आण्णा उठले. "पेंड खाल्लीया मोनानं. तिलाच न्या."

मोना गोठ्यात रवंथ करत उभी होती. काळी, तुकतुकीत, शिंगांना तेल लावलेली. शिवाजी पेठेत अशी म्हस दुसरी नव्हती. हंबीररावांच्या चेहऱ्यावरचा दुखवटा एकदम उतरला.

"पण धार बघून नेणार हं."

"बघा की."

गिऱ्हाईकं चरव्या घेऊन दारात उभी होतीच. हंबीररावांनी बाह्या सारल्या, मिशीवर हात फिरवला आणि बादली घेऊन म्हशीखाली बसले. कासेला पाणी मारलं, सड ओढले, थोपटलं, "ए बाई, ए माझे आई" म्हणाले. थेंब नाही. पुन्हा ओढले. मोनाने एक पाय उचलून बादली उडवली आणि शेपटीने त्यांची टोपी पाडली.

"आटलीया ही!" हंबीरराव ओरडले. "आटल्याली म्हस गळ्यात मारतासा व्हय?"

आण्णा घरात गेले. बाहेर आले तेव्हा विजारीवरून चिमणाबाईचं हिरवं लुगडं नेसलेले होते. डोक्यावरून पदर, पदराखाली पिकलेल्या मिशा. गिऱ्हाईकांतलं कुणी हसलं नाही. त्यांना सवय झाली होती. एक म्हातारी फक्त म्हणाली, "निऱ्या वर खोचा आण्णा, शेणात चालल्यात."

आण्णा बसले. मोनाने मान वळवली, पदर हुंगला आणि डोळे मिटले. बादलीत धारा वाजू लागल्या.

हंबीरराव टोपी झटकत बघत राहिले. फेस बादलीच्या काठाला आला तसा त्यांच्या डोक्यात हिशेब बसला.

"नेतो म्हस. पण लुगडं बी संगं द्यायचं."

आण्णांचे हात थांबले नाहीत. "स्नेहल, नेसायच्या कापडाचं काय म्हणालतीस गं?"

"ते नेता येत न्हाई, काका."

"ऐकलासा? माझं नेसायचं कापड हाय हे. सकाळ-संध्याकाळ नेसतो."

"आवं, बाईमाणसाचं लुगडं ते!"

"ह्या समद्यांस्नी विचारा कोण नेसतंय."

चरव्या घेतलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दुसरं देतो तुमाला. नवंकोरं. शाहूपुरीतनं आणतो," हंबीरराव म्हणाले.

"नव्याला वळखत न्हाय ती. धुतल्याला बी न्हाय."

हंबीररावांनी मोनाकडे बघितलं. मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं. लुगडं मिळालं असतं तरी ते नेसायचं कुणी, हा प्रश्न त्यांना आत्ता पडला असावा.

"असू दे मग हितंच म्हस," ते शेवटी म्हणाले. "रोज चरवीभर दूध घालत जावा माझ्याकडं. उधारी फिटंपतोर."

"घालतो."

हंबीरराव दारापर्यंत गेले. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून ते क्षणभर घुटमळले. मग लुगड्याकडे बघत हळूच म्हणाले, "पर आण्णा, कवातरी धुवावं लागंलच की हो."

आण्णा धार काढत राहिले. पदर दातात होता.