घाटाखालची घोणस

पोरीच्या जखमेतल्या रक्ताचा थेंब यंत्रात सोडून सिस्टर म्हणाली, "सुदामभाऊ, ही घोणस आपल्या तालुक्यातली नाही, घाटाखालची आहे. आपली लस हिच्या विषावर चालायची नाही."

"मग घाटाखालची द्या."

"ती यायला तीन तास लागतील. पोरगी तेवढा तग धरेल असं वाटत नाही. पण ही घोणस इकडं आलीच कशी?"

 तालुक्यागणिक लस वेगळी झाल्यापासून साप धरला त्याच शिवारात सोडायचा, हे सर्पमित्र म्हणून सुदामच शाळांतून सांगायचा. घाटाखालचे लोक मात्र "आमच्यात नको सोडू" म्हणून गळ घालायचे, आणि तो साप वर आणून आपल्या माळावर सोडायचा. त्याबद्दल त्यांनी त्याचा सत्कारही केला होता. लेकीला ज्या शालीत गुंडाळून आणलं होतं, ती त्याच सत्कारातली होती.