तिसरा डाग

बस चालवणाऱ्या बाईने टोपी काढली आणि काउंटरवर डोकंच पुढे केलं.

"हे बघा. सकाळी धुतलंय. डेपोतले मेकॅनिक म्हणतात, ताई, वंगण संपलंय, जरा मान वाकवा."

शांपूच्या काउंटरवाली हसली नाही. हसलं की टाळू ताणली जायची, आणि टाळूला आग लागली होती. जेवणाच्या सुट्टीत तिने बाथरूमच्या बेसिनखाली डोकं घालून ते भांडी घासायच्या लिक्विडने धुतलं होतं. सकाळी घरी एकदा, दुपारी इथे एकदा. गेला महिनाभर हेच.

कारण टीपकागद. दुकानाच्या या मजल्यावर देखरेख करणाऱ्या मॅडमना सगळ्या मुली पाठीमागे टीपकागद म्हणायच्या. रोज सकाळी आणि चार वाजता त्या प्रत्येकीच्या भांगावर पांढरा टिश्यू दाबायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. केसांचा माल विकणाऱ्या पोरीचं डोकं तेलकट दिसलं, तर माल कोण घेणार? महिन्यात तीन डाग पडले की घरी. तिचे दोन झाले होते. घरात कमावणारी ती एकटी, आणि चाराला दहा मिनिटं होती.

टाळूला नोकरीचे नियम कळत नाहीत. खरवडली की ती घाबरते आणि दुप्पट तेल सोडते. हे तिला माहीत होतं. गिऱ्हाइकांना ती रोज हेच सांगायची.

"मग काय देताय?" बसवाली म्हणाली. "चटचट तेल काढणारं द्या. मला धीर नाही."

मॅडम शेजारच्या नेलपॉलिशच्या काउंटरवरून सरकत इकडे आल्या. त्यांनीच पुढच्या फळीवरची निळी बाटली उचलली.

"हे घ्या. डीप क्लीन. एका धुण्यात केस कोरडे."

"आणि ते खालचं?" बसवालीने सगळ्यात खालच्या फळीवरच्या, धूळ बसलेल्या बाटलीकडे बोट केलं.

"ते सौम्य आहे. लहान मुलांचं समजा. तुमच्या डोक्याला त्याने काय होणार?"

बसवालीने निळी बाटली हातात तोलली. मग काउंटरवालीकडे पाहिलं.

"तू कोणतं लावतेस गं?"

"आमच्या सगळ्या मुली हेच लावतात," मॅडम म्हणाल्या.

"मी हिला विचारलं, मॅडम. तिला तोंड आहे की."

काउंटरवालीने निळ्या बाटलीकडे पाहिलं. हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. तेवढ्यात कानामागे काहीतरी ओलं सरकलं. तेल असेल किंवा खपलीतली लस. तिने केसांची क्लिप काढली, मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी केस फाकले.

बसवाली पुढे वाकली आणि तशीच थांबली. टाळू लाल होती, खरचटलेल्या गुडघ्यासारखी. भांग बोटभर रुंद झाला होता. कडेला खपल्या होत्या, आणि त्या सगळ्यावर तेल चमकत होतं.

"हे लावते," काउंटरवाली खाली मानेनेच म्हणाली. "तेही पुरेना, म्हणून आता भांड्यांचं लिक्विड."

"आणि सौम्य लावलं तर?"

"पहिले दहा दिवस तेल जास्तच वाटेल. घाबरायचं नाही. एक दिवसाआड धुवायचं, कोमट पाण्याने. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनीच चोळायचं. तीन आठवड्यांत टाळू शांत होते."

"एवढं पाठ आहे, मग स्वतः का नाही लावत, बाई?"

"मला तीन आठवडे कोण देणार?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला चार मिनिटं कमी होती. तरी त्यांनी खिशातून टिश्यू काढला आणि त्या वाकलेल्या भांगावर दाबला. काउंटरवाली कळवळली. मॅडमनी कागद उजेडाकडे धरला. कागदातून पलीकडचा दिवा दिसत होता.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

"माझंही टिपा की," बसवाली म्हणाली आणि डोकं पुढे केलं. "मलाही बस चालवणं बंद करायला सांगता का बघू."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टिश्यूची घडी घालून त्या नेलपॉलिशच्या काउंटरकडे वळल्या. तिथली मुलगी चाळा लागल्यासारखी आपलाच भांग हातरुमालाने पुसत होती.

काउंटरवालीने छातीवरचा बिल्ला काढला आणि निळ्या बाटल्यांच्या रांगेत ठेवला. पिन दोनदा बोटात गेली. खालच्या फळीवरून तिने सौम्यची एक बाटली काढली, ओढणीने धूळ पुसली आणि बसवालीच्या हातात दिली. मग पुन्हा वाकून दुसरी काढली.

"दोन नकोत मला," बसवाली म्हणाली.

काउंटरवाली काउंटरची उचलती फळी वर करून बाहेर आली आणि बाटली घेऊन गिऱ्हाइकांच्या बाजूला, तिच्या मागे उभी राहिली.

"ही माझी," ती म्हणाली. "आता आहेत तीन आठवडे."