मापी शेर, वजनी शेर

“पाच शेर आला होता आणि साडेतीनच भरतोय. दीड शेर मध काय उडून गेला?”

विमलाबाईंनी शेराचं पितळी माप फरशीवर आपटलं. कामाला येणारी शालू मान खाली घालून उभी होती.

“मी नाय घेतला, बाई.”

“मग मुंग्यांनी उचलून नेला? पंधरा दिवस मी कल्याणला लेकीकडे. घरात माणसं दोन, तू आणि हे. यांना तर डॉक्टरांनी चहातली साखरसुद्धा बंद केलीय.”

दाराशी बसलेल्या त्र्यंबकरावांनी बिनसाखरेच्या चहाचा कप खाली ठेवला. तो बशीवर जरा जोरातच वाजला.

मध त्याच लेकीच्या, नीलाच्या बाळंतपणासाठी आणलेला. येऊरचा मधवाला काळुराम घेऊन आला, तेव्हा विमलाबाई कल्याणला होत्या. परत आल्या त्या आज, आणि आल्या आल्या बरणी मापायला बसल्या. बायको कोणती वस्तू कधी मोजेल, हे बत्तीस वर्षांच्या संसारात त्र्यंबकरावांना पाठ झालं होतं.

“उद्या बाळकुमहून तुझ्या बापाला बोलावते. त्याच्यादेखतच विचारीन.”

“नको बाई! पाया पडते. एकवीस दिवसांवर लगीन आलंय. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर मांडव नाय पडणार दारात.”

“ते हात घालायच्या आधी सुचायला हवं होतं.”

शालूनं वाकून विमलाबाईंचे पाय धरले. त्र्यंबकरावांना ते बघवेना.

“अगं, थांब जरा,” ते उठले. “शेर कुठला म्हणतेस तू? मापी की वजनी?”

“शेर म्हणजे शेर!”

“तिथंच तर घोडं पेंड खातं. मिठागराच्या कचेरीत माझा जन्म गेला मापाचं वजन करण्यात. शालू, कोपऱ्यावरच्या महिपतच्या दुकानातून तराजू आण. वजनंही माग.”

तराजू आला. त्र्यंबकरावांनी रिकाम्या मापाचा धडा केला, म्हणजे त्याच्या भाराइतके खडे दुसऱ्या पारड्यात टाकले; मग ते पाण्यानं काठोकाठ भरलं आणि पारड्यात ठेवलं. काटा स्थिरावला.

“ऐंशी तोळे. बरोबर एक शेर. आता मध भर.”

मध सावकाश उतरला. त्र्यंबकराव दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत गेले. ऐंशीवर पारडं हललं नाही. शंभरावरही नाही. एकशेबाराला काटा मधोमध आला.

“बघितलंस? माप तेच, पण मध पाण्याहून जड. वजनी पाच शेर म्हणजे तोळे किती?”

“चारशे.”

“त्यांना एकशेबारानं भाग.”

विमलाबाईंनी बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला.

“साडेतीन मापं… आणि वर घोटभर.”

“तो घोटभर बरणीला चिकटलाय.”

“अगंबाई! म्हणजे काळुरामनं वजनानं दिला होता?”

“मध काय दूध आहे मापानं घालायला?” त्र्यंबकरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

विमलाबाई खाली बसल्या. मग शालूला जवळ घेऊन म्हणाल्या, “माझंच चुकलं, पोरी. तुझ्या लग्नात पहिला आहेर माझा.” डोळ्याला पदर लावून त्या देवघरात गेल्या.

तराजू दुकानात परत द्यायला निघालेली शालू मागच्या दारी आली. त्र्यंबकराव पायरीवर उभे होते.

“अप्पा, काळुरामकडं तराजू कुठला? पाच मापं ओतलेली त्यानं. बरणी मीच धरलेली.”

“हळू बोल.”

“माझ्यापायी तुमी बाईंना फसवलं. पन आईशपथ सांगते, मी बोट नाय लावलं मधाला.”

“ते मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?” त्र्यंबकराव पुटपुटले. “हिशेबात बसेल तेवढाच घेत होतो मी. दीड माप झालं, त्या दिवशी चमचा खाली ठेवला.”